एक्स-रेच्या फिल्ममधून पाहिलेलं ग्रहण

चंदीगडला बदली होऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. त्या साली दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं, तेही संध्याकाळचं. दुपारी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला आणि बायकोने दुधावर, लोणच्याच्या बरणीत, सगळीकडे तुळशीची पानं टाकली. अकरा वर्षांच्या मुलीला बाहेर जायचं नाही म्हणून बजावलं.

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर. शेजारचे सरदारजी फराळाला आले होते. त्यांना कळावी म्हणून मी बायकोची थट्टा हिंदीत केली. चंद्र मध्ये येतो, सावली पडते, त्यात विष कुठून येणार, असं म्हणून मी हसलो. तेही हसले.

बायको हळूच म्हणाली, "पानांचं राहू द्या. पण तिच्या डोळ्यांना काही होईल."

मी तेही हसण्यावारीच नेलं. तिच्या म्हणण्यातलं खोटं कुठलं नि खरं कुठलं, हे बघायचं मला सुचलंच नाही.

मुलीला घेऊन मी गच्चीवर गेलो. माझ्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता, त्याची फिल्म तिच्या हातात दिली. लहानपणी आम्ही असंच पाहायचो. ती हरखून गेली. सूर्य खाली उतरला, तांबूस झाला, तेव्हा मीच म्हणालो, "आता फिल्म नको. मावळतीचा सूर्य काही करत नाही." ती बराच वेळ बघत राहिली.

शाळा उघडली त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, बोर्ड के बीच में धब्बा है. मॅडम जो लिखती हैं, वही नहीं दिखता."

आम्ही दोघं तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले आणि ग्रहण कसं पाहिलं ते विचारलं. मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं. "मैं अकेली छत पर गई थी. बाबा को पता नहीं था."

मी बोलायला हवं होतं. गप्प बसलो.

डॉक्टरीणबाई तिलाच समजावत राहिल्या. ग्रहणात सूर्य काही वेगळा नसतो, म्हणाल्या. एरवी डोळे दिपतात म्हणून आपण मान वळवतो, ग्रहणात मात्र टक लावून बघतो. एक्स-रेच्या फिल्ममधून उजेड कमी वाटला तरी न दिसणारे किरण आत जातातच, आणि डोळ्याच्या आतला पडदा भाजला तरी दुखत नाही. मुलगी खाली मान घालून माझ्या वाटची बोलणी खात होती.

बाहेर आल्यावर मी बायकोला सगळं सांगायला लागलो. तिने मला थांबवलं.

"मला माहीत आहे. त्या दिवशी गच्चीवरून तुमचा आवाज खाली येत होता. हे आत सांगायचं होतंत."

तरीही त्या दिवशी मी परत आत गेलो नाही. पुढच्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

डावा डोळा पुरता बरा झाला. उजव्यात मधोमध बारीकसा पुसट ठिपका राहिला. वाचताना ती मान किंचित तिरकी करते. कुणी विचारलं तर अजूनही म्हणते की ती एकटीच वर गेली होती. बहुतेक वेळा मी तिचं बोलणं दुरुस्त करतो. पाहुणे जास्त असले की करत नाही.