पटावरची विसावी

पराते मॅडमना शाळेत शिकवायला आताशा वेळच मिळत नाही. प्रताप नगरच्या मागच्या वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत त्या तीस वर्षं आहेत आणि त्यातली शेवटची दहा त्यांनी पोरं गोळा करण्यात घालवली. मार्च लागला की डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकायचा आणि दारोदार हिंडायचं. पुस्तकं, गणवेश, खिचडी, सगळं फुकट आहे हो, असं घसा सुकेस्तोवर सांगायचं. लोक पाणी देतात, खुर्ची देतात, पोरगं तेवढं देत नाहीत.

यंदा तर गळ्याशीच आलं होतं. पट वीसच्या खाली गेला तर शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळणार, असं वरून कळवलं होतं. एकोणीस नावं झाली होती. विसाव्या नावासाठी मॅडम मेघाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मेघा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता लांब इतवारीच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. तिची रुचिका जूनमध्ये पहिलीत जाणार होती.

“या नं मॅडम, बसा. केवढं ऊन तापून राहिलं!” मेघानं कूलरचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं.

“रुचिकाचं नाव लिहू नं, मेघा?”

मेघा जरा घुटमळली. “राग नका मानू, मॅडम. तुमचा अंकुर कोणत्या शाळेत शिकला?”

हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच आणि मॅडम हसून वेळ मारून नेतात. अंकुर टाय लावून रिक्षात बसायचा. त्याला टाटा करून त्या या वस्तीत दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला यायच्या. आज त्यांना हसण्याचंही बळ नव्हतं.

“कॉन्व्हेंटात,” त्या म्हणाल्या.

“मंग मले बी तसंच वाटते नं!” मेघानं मोबाइल पुढे केला. “कॉन्व्हेंटात गरिबांसाठी पंचवीस टक्के जागा असते नं, तो फॉर्म भरला, फुकटात नंबर लागते म्हणते. पण समोरचं कॉन्व्हेंटच यात दिसून नाही राहिलं. काहून असंन? उद्या शेवटची तारीख आहे.”

मॅडमनी चष्मा लावला आणि एका नजरेत घोळ ओळखला. फॉर्म इतवारीतल्या झेरॉक्सवाल्यानं भरून दिला होता, आणि त्या शहाण्यानं नकाशावर मेघाच्या घराची खूण आपल्याच दुकानावर ठेवली होती. मग यादीत एक किलोमीटरच्या आतल्या शाळा दिसणार त्या इतवारीतल्याच.

काही न बोलता फोन परत दिला असता तरी भागलं असतं. रुचिका विसावी झाली असती, शाळा वाचली असती, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. तेवढ्यात रुचिका आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली, दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता. मॅडमना स्वतःचीच लाज वाटली.

“घर चुकलं वं यात,” त्या म्हणाल्या. इतवारीतली खूण उचलून त्यांनी ती मेघाच्या गल्लीत आणून ठेवली. समोरचं कॉन्व्हेंट यादीत सगळ्यात वर आलं.

लॉटरीत रुचिकाचं नाव लागलं. मेघा पेढे घेऊन शाळेत आली, पाया पडली. मॅडमना खरंच आनंद झाला, आणि ती गेल्यावर त्या रिकाम्या वर्गात बसून रडल्याही. विसावं नाव मग शेवटपर्यंत मिळालं नाही.

जूनअखेर शाळा उघडली आणि पाठोपाठ बंद करण्याचं पत्र आलं. रस्ता ओलांडून पोर पाठवणार नाही, असं एकोणिसांपैकी अकरा जणांच्या आयांनी सांगून टाकलं. एका संध्याकाळी मॅडम हजेरीपट सुतळीनं बांधत होत्या, तेव्हा मेघा दारात आली. सोबत रुचिका, टाय लावलेली.

“मॅडम, तिथं सारं इंग्रजीत लिहून देते. मले त काईच समजत नाही, अन् हे पोरगी घरी येऊन रडते. सांजच्याले तुमच्यापाशी बसवू का? शिकवावं त तुमीच.”

आठ दिवसांनी या खोलीला कुलूप लागणार होतं. ते सांगायचंही त्यांच्या जिवावर आलं.

“बसव,” त्या म्हणाल्या, आणि खडू शोधू लागल्या.