तिच्या नावाची मशीद

माझी बायको इथे लंडनजवळ इल्फर्डलाच वारली. चाळिसाव्या दिवशी इथली आमच्या गावची माणसं हॉलमध्ये जेवायला जमली. गाव कोकणात, किनाऱ्याला. पूर्वी नवाबाच्या संस्थानातलं. शाळा मला चौथीपर्यंत, तोलूनमापून बोलणं जमत नाही. मी म्हणालो, "तिच्या नावानं आपल्या मशिदीचं काहीतरी करा." माझ्या मनात गळकं छप्पर होतं. त्याचं पुण्य, सवाब, तिला पोचावा, एवढंच.

ती मशीद नवाबानं बांधलेली. लोखंडी खांब विलायतेहून बोटीनं आणलेले, वर मंगलोरी कौलं, कमानींना रंगीत काचा, घुमट नाहीच. नवाबाला सगळं नव्या तऱ्हेचं हवं असायचं. तेव्हाचे म्हातारे चिडले होते म्हणे, ही मशीद की दिवाणाचा बंगला? बायकोला त्याचं काही नव्हतं. रमजानच्या आधी गावच्या लहान पोरी त्या काचा राखेनं घासायच्या, त्यात ती. न्हाती झाली आणि आत जाणं बंद झालं. पण इथे आल्यावरही सांगायची, "सगळ्यात वरच्या काचेला माझाच हात पोचायचा."

माझं बोलणं गावी पोचलं, मग तिच्या भाच्याचा तिकडून फोन आला.

"फुफा, जमातीनं ठरवलं. फुफीच्या नावानं नवीनच बांधतोय. दोन मजली, घुमट, बायकांना नमाजाला वेगळी खोली."

"आणि जुनी?"

"पाडली ना. इंग्रजांच्या कचेरीसारखी दिसायची. आता मशिदीसारखी मशीद होईल."

"काचा ठेवल्या का रे?"

"काचा? खांब भंगारवाल्यानं नेले. काचांचं नाय विचारलं कुणी."

शिवी तोंडात आली होती. तेवढ्यात तो रडायला लागला. म्हणाला, "फुफीनं मला खांद्यावर खेळवलं, तिच्यासाठी एवढं तरी करू दे." बायकांची खोली तिला आवडली असती, हेही खरं.

आता शुक्रवारी इथले गाववाले हात हातात घेऊन मुबारक म्हणतात. मी मुबारक घेतो. मुलगी रात्रंदिवस फोनवर घुमटाचे फोटो बघते, डोळे पुसते, म्हणते, "अब्बा, मम्मीचं नाव दारावर कोरलंय. ओपनिंगला आपण जायचंच."

मी गुडघ्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, एअरपोर्टवर व्हीलचेअर मिळते. बुकिंग करून मोकळी झाली.