आठ वाजताची टकटक

प्रागमध्ये तीन रात्री, भाडं शून्य. हजर मी, पत्नी सुमन आणि घरमालक, वय एक्क्याऐंशी. पाठीवर पिशव्या घेऊन हिंडणाऱ्यांना ते एकाच अटीवर ठेवून घेत: सकाळी आठला त्यांच्या दारावर टकटक करायची आणि उत्तराची वाट पाहायची. शेजारचे गृहस्थ गेल्याचं अकरा दिवसांनी कळलं होतं.

"आज तरी आहे!" ते आतून हसून ओरडत.

तिसऱ्या सकाळी आमची बस सहाची होती. "झोपमोड नको हो त्यांची," सुमन कुजबुजली. झोपलेल्याला न उठवणं ही आपल्याकडे मायाच. आम्ही बूट हातात घेऊन निघालो. भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढचे नऊ दिवस पाहुण्यांविना कोरे होते.

आठ वाजता बसमध्ये दोघांनीही घड्याळ पाहिलं.

तीन सकाळींपैकी दोन टकटकी त्यांना दिल्या. तिसरी दिली नाही.