उजेडवाल्या बाई

आमच्या सरकारी दवाखान्यात सगळ्यात मोठी खिडकी कुणाच्या वाट्याला यावी, यावरून एकदा चांगलीच जुंपली होती. मोठ्या डॉक्टरांना ती हवी होती, कारण त्यांच्या खोलीत कोंदट व्हायचं. हेडक्लार्कला हवी होती, कारण त्याला सगळंच हवं असायचं. मिळाली ती कुष्ठरोग तपासणाऱ्या बाईंना. बाई कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी आपलं स्टूल उचललं, त्या खिडकीखाली ठेवलं आणि एका म्हातारबुवांना सदरा काढायला लावून त्यावर बसवलं. उघड्याबंब म्हाताऱ्याला ऊठ म्हणायची छाती कुणाची झाली नाही, आणि खिडकी कायमची बाईंची झाली.

मी पलीकडच्या खोलीत औषधं देतो. मधली भिंत लाकडी फळ्यांची आहे, त्यामुळे बाईंचं काम मला दिसत नसलं तरी सगळं ऐकू येतं. इतकी वर्षं ऐकून मला ते तोंडपाठ झालंय. आधी त्या माणसाशी इकडचं तिकडचं बोलत. मग म्हणत, "या, जरा उजेडात या." ट्यूबलाइटखाली फिकट चट्टा लपतो, तिरप्या उन्हात दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मग बॉलपेन बाहेर निघे. "डोळे मिटा. पेन टेकेल तिथं बोट ठेवा." अंगावर ठिकठिकाणी पेनाचं टोक हलकेच टेकवायचं. माणूस बरोबर जागी बोट ठेवत गेला तर ठीक. चट्ट्यावर पेन टेकलं आणि माणूस नुसताच वाट बघत बसला, की समजायचं, तिथली जाणीव गेलीय. त्या शांततेची लांबी मला भिंतीपलीकडून कळायची.

पेन मात्र स्वतःचं कधी नसायचं. दवाखान्यातलं कुणाचंही पेन हरवलं की आधी बाईंच्या अंबाड्यात बघायचं, ही आमच्याकडची रीत होती. एकदा तर तिथं दोन सापडली, आणि दोन्ही हेडक्लार्कची.

बाईंना चेहरे लक्षात राहत नसत. बाजारात कुणी हसून नमस्कार केला तर त्या गोंधळून बघत राहायच्या. तोच माणूस पाठमोरा झाला की ओळख पटायची. "चेहरा विसरते हो मी, पाठ नाही विसरत," असं त्या सांगायच्या, आणि ते खरंच होतं. पण ओळख पटली तरी हाक मारायच्या नाहीत. रस्त्यात पेशंटनं आधी ओळख दाखवली तरच आपण दाखवायची, आणि रोगाचं नाव चार माणसांत काढायचं नाही, हे त्यांचे दोन नियम होते. त्या नियमांवरच त्यांचं सगळं काम चालायचं. लोक या रोगाला अजूनही इतके भितात की औषधं फुकट असूनही मागच्या दारानं येतात. बरा होतो, औषध सुरू केलं की पसरायचाही थांबतो, हे बाई घसा कोरडा होईपर्यंत सांगत. समोरचा मान डोलावून विचारायचा, "पण बाई, कुणाला कळणार नाही ना?"

आणि कळायचं नाही. गावात मात्र "जरा उजेडात या" हे शब्द कशाचे आहेत, ते लहान पोरांनाही ठाऊक होतं. बाईंना नाव पडलं होतं उजेडवाल्या बाई. बँकेच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या की पुढचे दोघेतिघे नकळत बाह्या खाली करायचे. बाई लवकर विधवा झाल्या, एकच मुलगी, तिला त्यांनी याच नोकरीवर वाढवलं. मुलगी आईवर गेली होती, म्हणजे हट्टी. शिकली, शाळेत लागली, आणि एक दिवस आईला सांगून मोकळी झाली की तिनं लग्न ठरवलंय.

मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. बाजारात वडिलांचं छोटं दुकान होतं, ते आता तो बघत होता. वडील नव्हते, आई होती. मला तर तो पहिल्या भेटीतच आवडला, कारण तो कमी बोलायचा. एका रविवारी दुपारी बाईंनी मायलेकांना जेवायला बोलावलं. आम्ही शेजारी, म्हणून मी आणि माझी बायकोही होतो. सगळं छान चाललं होतं. मुलाची आई स्वयंपाकाचं कौतुक करत होती, बाई लाजत होत्या, आणि बाईंना लाजताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

जेवण झालं. मुलगा हात धुवायला मोरीपाशी गेला आणि त्यानं बाह्या वर सारल्या. मोरीवरच्या खिडकीतून ऊन येत होतं. बाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्याच्या कोपराच्या वर त्यांची नजर गेली आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं,

"या, जरा उजेडात या."

माझ्या बायकोच्या हातातलं ताट खडकन ओट्यावर आदळलं. बाईंनी जीभ चावली, पण उपयोग काय? इतकी वर्षं ज्या शब्दांना त्यांनी चार भिंतींत कोंडून ठेवलं होतं, ते भरल्या घरात, होणाऱ्या विहीणबाईंसमोर बाहेर पडले होते.

"काय म्हणालात?" मुलाची आई म्हणाली.

"काही नाही हो. सवय."

"कसली सवय? आम्ही जेवायला आलोय की तपासणीला? माझ्या पोराला काय समजता तुम्ही?"

मुलानं बाह्या खाली केल्या, बटणंसुद्धा लावली. आईनं त्याला जवळजवळ ओढतच नेलं. आम्ही नवराबायकोनंही काढता पाय घेतला, पण दारात चपला सापडेपर्यंत मुलीचं बोलणं कानावर आलंच.

"माझं एक माणूस तुझ्या घरी आलं, त्यालाही तू पेशंट करून टाकलंस. आता मला बघू नकोस आणि माझ्याशी बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाई कामावर आल्या, पण भिंतीपलीकडून इकडचं तिकडचं बोलणं ऐकू येईना. दुपारी त्या माझ्या खोलीत येऊन बसल्या.

"चट्टा होता?" मी विचारलं.

"होता. कोरडा, फिकट, केस गेलेले. पण त्याचं मला काही नाही. जेवताना बघितलंत? त्याची करंगळी बाकीच्या बोटांना चिकटत नव्हती, बाजूलाच राहत होती. कोपरापाशी नस सुजली की असं होतं. आत्ता गोळ्या सुरू केल्या तर हात वाचेल. उशीर झाला तर रोग बरा होईल, बोटं वाकडीच राहतील." मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "घड्याळजीची बोटं."

"मग जा आणि सांगा त्याला."

"मी त्या दुकानाची पायरी चढले की बाजारभर होईल. आणि नाही चढले तर तो काही येत नाही. मीच दार लावून घेतलंय."

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की जबरदस्ती करता येत नाही, समजावून सांगा. समजावायचं कसं, ते त्यांना सांगता आलं नाही, आणि त्यांनी तसं कबूलही केलं. बाई घरी गेल्या की मुलगी दुसऱ्या खोलीत जायची. एका छपराखाली राहून मायलेकींचा निरोप माझ्या बायकोमार्फत जायचा, गॅस संपला, दूधवाला आला नाही, असा. मला बाईंची कीव यायची आणि रागही. आयुष्यभर तोंडाला कुलूप घालून बसलेल्या बाईनं नेमकं तिथंच तोंड उघडावं!

काही दिवसांनी बाई दुकानात गेल्या. तिथं काय झालं, ते त्या मुलानंच मला पुढे सांगितलं.

दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून त्या चढल्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून काचेवर ठेवलं. "मागे पडतंय."

त्यानं ते कानाशी धरलं, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. "बरोबर चालतंय."

"एकदा उघडून बघा."

"बाई, तुम्ही कशाला आलात ते मला कळतंय. मला काही झालेलं नाही. घड्याळ घेऊन जा."

"जाते. आधी उघडून बघा."

त्याला राग आला. रागाच्या भरात त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ उघडलं. आत काही बिघाड नाही हे बाईंना दाखवावं आणि कटकट मिटवावी, एवढाच विचार. चिमट्यानं एक स्क्रू उचलला, तो सुटला. हल्ली असे स्क्रू सुटत होते. नजर कमी झाली असेल म्हणून त्यानं भिंगसुद्धा नवं घेतलं होतं. त्यानं काचेवर बघितलं, मांडीवरचं फडकं झटकलं, मग स्टूल सरकवून खाली वाकला आणि फरशीवर हात फिरवायला लागला. बाई त्याच्या हाताकडे बघत बसून होत्या. शेवटी तो घामाघूम होऊन उठला.

"तुमचा स्क्रू हरवला. दुसरा घालून देतो."

"हरवला नाही," बाई म्हणाल्या. "हात बघा."

तो स्क्रू त्याच्याच तळहाताच्या कडेला, करंगळीच्या खाली रुतून बसला होता. ज्या हातानं तो अख्खी फरशी चाचपत होता, त्याच हाताला. दाबला जाऊन तिथं लाल खळगा पडला होता आणि त्याला पत्ता नव्हता. त्यानं तो दुसऱ्या हातानं काढला, पुन्हा त्याच जागी टोचून बघितला, आणि मग जोरात टोचून बघितला.

"मला भीती वाटली," असं त्यानं मला सांगितलं. "आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. पेशंटसमोर त्या रडत नसतील, असं मला वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला, पुढच्या दारानं. गोळ्यांचा पहिला डोस माझ्यासमोर घेतला. लघवीला लाल होईल, घाबरू नका, हे मी सांगितलं. नसेची सूज उतरवायच्या गोळ्या वेगळ्या. महिनोन्महिने तो वेळेवर येत राहिला, आणि हाताचा व्यायाम मात्र वेळेवर करत नाही म्हणून बाईंची बोलणी खात राहिला. हात परत आला. करंगळी थंडीत जरा आखडते, पण घड्याळं तोच दुरुस्त करतो.

मला सांगायचंय ते मात्र त्या पहिल्या आठवड्यातलं. पेशंटच्या जवळच्या सगळ्यांना तपासावं लागतं आणि रोग होऊ नये म्हणून एकदाच एक डोस द्यावा लागतो. बाईंनी त्याला विचारलं, "तुमच्या रोजच्या सहवासात कोण कोण?"

"आई."

"आणखी?"

त्यानं बाहीचं बटण लावलं. मग म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे."

त्याची आई फुरंगटून आली, तपासून घेतलं, डोस घेतला, आणि जाताना दारातून म्हणाली, "सांगायची काही पद्धत असते." बाई म्हणाल्या, "असते. मी चुकले." त्यावर मुलाची आई परत आत आली आणि थोडा वेळ बसून गेली.

मुलगी आली ती दुपारच्या सुट्टीत. दवाखाना रिकामा होता. पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं नाही. "डोळे मिटा," बाई म्हणाल्या. स्वतःच्या मुलीला अहोजाहो. "पेन टेकेल तिथं बोट ठेवा." हात झाले, दंड झाले. मग मुलीनं पाठ फिरवली असावी.

गावातल्या निम्म्या पाठी बाईंनी बघितल्या होत्या. ही एक पाठ त्यांनी मुलगी स्वतः अंघोळ करायला लागल्यापासून बघितली नव्हती. आणि तिच्या खांद्यावर, मानेच्या खाली, एक फिकट डाग होता, हे मला मागाहून कळलं.

मी गोळ्या मोजत होतो, तो थांबलो. ती शांतता मला ओळखीची होती, माणूस नुसताच वाट बघत बसतो तेव्हाची.

मग मुलीचा आवाज आला.

"आई, तू अजून टेकवलंच नाहीस."

"हो. टेकवते."

"भीती वाटते?"

"हो."

सगळ्या जगाला "घाबरू नका" असं सांगणाऱ्या बाईंच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

"मी डोळे मिटलेत," मुलगी म्हणाली. "टेकव."

पेन टेकलं. खांद्यामागून तिचा हात आला असणार, कारण ती लगेच म्हणाली, "इथं."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

ते साधं शिबं होतं, मलम लावून जाणारं. बाईंना एका नजरेत ते कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर कळलंही असतं. तपासणी तिथंच संपली होती. पण पलीकडून "इथं", "बरोबर", "इथं", "बरोबर" असं बराच वेळ चालू राहिलं. मुलीनं आता पुरे असं एकदाही म्हटलं नाही, आणि मीही तिला द्यायचा डोस घेऊन लगेच पलीकडे गेलो नाही.