शिसपेन्सिलीची रेघ

आमच्या घरात शिसपेन्सिलीला बंदी होती. बाबा विमानाचे पत्रे बसवायचे. अॅल्युमिनियमवर शिसपेन्सिलीची खूण राहिली, की ओल धरून पत्रा त्याच रेघेवर कुरतडला जातो. तरुणपणी घाईत त्यांनी तशी रेघ ओढली होती.

"पुसलीस ना?" काम तपासणाऱ्या मिस्त्रींनी विचारलं.

बाबा "हो" म्हणाले. मिस्त्रींनी विश्वासानं सही केली.

बावीस वर्षांनी तेच विमान दुरुस्तीला आलं. रंग खरवडला, तर त्याच रेघेवर पांढरी भुकटी आणि खाली चीर! साहेबांनी जुनी सही पाहून वारलेल्या मिस्त्रींना सगळ्यांदेखत निष्काळजी ठरवलं. बाबा मिठाची गुळणी धरून बसले.

"मिस्त्रींच्या घरी तरी गेलात?" मी फटकन विचारलं.

"दारापर्यंत गेलो. वहिनी आत बोलवत होत्या. मी म्हणालो, घाईत आहे."