चिमटीआप्पा आणि पास न झालेलं जॅकेट

सुरतेतल्या, विशेषतः उधन्यातल्या, समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आपल्या अंगातला शर्ट, साडी किंवा लग्नातला सूट उत्तम आहे असा आपला समज असेल, तर तो निव्वळ समज आहे. त्या कपड्याची तपासणी झालेली नाही आणि आता होणारही नाही. तपासणारा माणूस गेला.

त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. आम्ही शेजारी त्यांना चिमटीआप्पा म्हणायचो, कारण भेटलेल्या माणसाला नमस्कार करण्याआधी आप्पा त्याची बाही अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे. उधन्याच्या एका कापड युनिटात ते तीस वर्षं चेकर होते. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, काचेवरून सरकणारा कापडाचा ताका आणि त्यावर आप्पांचे डोळे. निर्दोष ताका पास. धागा तुटलेला, डाग पडलेला ताका सेकंड. जगात या दोनच जाती आहेत, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

पण नुसतं 'पास' त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. त्यामागे 'पण' यायचाच. माझ्या लग्नात ते स्टेजवर आले, आहेराचं पाकीट दिलं, माझी बाही चिमटीत धरली आणि माझ्या नव्या कोऱ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, नवरा पास. पण सूट सेकंड शे." आप्पा मूळचे धुळ्याकडचे. एरवी मराठी बोलायचे, निकाल मात्र अहिराणीतच द्यायचे, 'आहे'चं 'शे' करून. सूट भाड्याचा होता, हे तोवर मला आणि भाडेवाल्यालाच ठाऊक होतं.

आप्पांची एकुलती एक मुलगी वैशाली. घरात मराठी, बाहेर फडाफड गुजराती. अहिराणी तिला समजायची, पण बोलायची लाज वाटायची. तिला कडोदऱ्याच्या एका डाइंग युनिटात, रंग तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तिनं मोटरसायकल घेतली. आप्पा एक दिवस मुद्दाम हायवेच्या कडेला उभे राहून आले. ताक्यांनी लादलेले ट्रक आणि टेम्पो कसे पळतात ते पाहिलं आणि घरी येऊन ताटावरून उठले. म्हणाले, "हेल्मेट डोक्याचं बघेल. बाकीच्या पोरीचं काय?"

म्हणून जॅकेट घ्यायचं ठरलं. जाणकार म्हणून मला सोबत नेलं. माझं ज्ञान एवढंच, की माझ्याकडे चामड्याचं एक जॅकेट होतं आणि सुरतेच्या हवेत ते मी वर्षातून दोनदा, फोटोपुरतं, घालायचो. दुकानदारानं दोन जॅकेटं काढली. एक चामड्याचं, एक जाड कापडाचं. दोन्हींच्या कोपरांत आणि खांद्यांत पॅड. आप्पा कापडाचं घेणार, यात आम्हाला शंकाच नव्हती. दुकानदार तर म्हणालाच, "काका, कापडवाळुं लई लो, तमे तो कापडना माणस!"

"म्हणूनच नको," आप्पा म्हणाले. "तीस वर्षं मी कापडातल्या चुका पाहिल्या, भाऊ. चांगलं कापड माझ्यापुढे थांबलंच नाही, ते सरकून गेलं. पोरीला कापडाच्या भरवशावर कसा सोडू?"

"आप्पा, मे महिन्यात चामड्यात मी शिजून निघेन," वैशू म्हणाली.

"शिजलीस तरी चालेल. सोललेली नको."

तरी तपासणीशिवाय निकाल देतील ते आप्पा कसले! त्यांनी दुकानदाराकडून चेन बिघडलेलं कापडाचं एक जुनं जॅकेट मागून घेतलं. चामड्याचं कुठून तरी मिळवलं. रविवारी सकाळी, बंद कारखान्यांमागच्या मोकळ्या रस्त्यावर, दोन्हींत चिंध्या ठासून भरल्या. मोटरसायकल माझी, चालवणार मी. जॅकेटं गाडीमागे बांधायला दोरीची गाठ मारताना मला चामड्याच्या जॅकेटाची बटणं ओळखीची वाटली. ते माझंच होतं. बायकोनं कपाटातून काढून दिलं होतं, तेही हसतहसत.

आधी कापडाचं फरफटवलं, मग माझं. पहिल्याच फेरीत, माणूसच फरफटत चाललाय असं वाटून एक आजीबाई किंचाळल्या, "अरे, कोई माणस ढसडाय छे!" वॉचमन शिट्टी फुंकत मागे धावला. कापडाच्या जॅकेटाची चेन उघडली आणि आतल्या चिंध्या रस्ताभर झाल्या. आजींनी डोळे मिटून घेतले. कोपराचा वरचा थर पार गेला होता. माझ्या चामड्यावर मात्र पांढरे ओरखडे, बाकी काही नाही. आप्पांनी रस्त्यावर उकिडवं बसून दोन्ही कोपरं चोळली. "चामडं पास," ते म्हणाले. "पण गरम शे." माझ्या ओरखड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

वैशूला नवं चामड्याचं जॅकेट आलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिची सुट्टी व्हायची होती, म्हणून आप्पा गल्लीच्या तोंडाशी तिची वाट पाहत उभे राहिले. ती आली ती सुती कुर्त्यात. जॅकेट मागच्या सीटला बांधलेलं.

"हे काय?"

"तुमचं पास झालेलं जॅकेट," वैशू म्हणाली. "गाडीनं घातलंय."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण आप्पा वळले. आमच्या पायरीवर येऊन बसले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "मी फक्त माल तपासला रे. घालणारी तपासलीच नाही." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःलाच 'सेकंड' ठरवल्याचं मी तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन जॅकेट बदलून कापडाचं आणलं. कारखान्यातल्या काचेच्या टेबलावर ते उलटंपालटं करून पाहिलं. मग दोन्ही कोपरांत आतून जाड कॅनव्हासचा दुहेरी थर हातानं शिवला. टाके ओबडधोबड, पण उपटून निघायचे नाहीत असे. जॅकेट वैशूच्या हातात देताना म्हणाले, "घाल. रोज घाल. पण पास नाही म्हणणार. ते रस्त्यानं सांगायचं."

तेव्हापासून त्या घराचा एक रिवाजच झाला. वैशू संध्याकाळी गाडी लावायची, जॅकेटासकट हात पुढे करायची आणि विचारायची, "आप्पा, आज पास?" आप्पा कोपर चिमटीत धरून चोळायचे आणि म्हणायचे, "नाही." माझ्या बायकोचं म्हणणं, आप्पा कापड तपासतच नव्हते, आतला हात तपासत होते. मी तिला म्हणालो, तू फार विचार करतेस.

गेल्या श्रावणात आप्पा गेले. हृदयाचा त्रास, चार दिवस दवाखाना. शेवटच्या दिवशी चादर चिमटीत धरून सिस्टरला "सेकंड" म्हणाले, म्हणजे शुद्ध चांगली होती. जॅकेटाचा निकाल राहूनच गेला. त्यानंतरही वैशू ते रोज घालायची. ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा. संध्याकाळी गाडी लावली, की क्षणभर हात पुढे करायची आणि मग मागे घ्यायची.

होळीनंतरची गोष्ट. माझंही कडोदऱ्याला काम होतं, म्हणून मी तिच्या मागोमाग चाललो होतो. पुढच्या टेम्पोनं एकदम ब्रेक मारला, वैशूनंही मारला, आणि रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून तिचं चाक सुटलं. गाडी एकीकडे, ती दुसरीकडे. डाव्या कोपरावर घसरत ती थेट एका चहाच्या टपरीपर्यंत गेली. मी माझी गाडी कशी उभी केली, मला आठवत नाही.

माणसं जमली, लागलं का विचारू लागली. "बेन, वाग्युं तो नथी ने? पाणी लावो, पाणी!" वैशू उठून बसली. हेल्मेट काढलं नाही, पाणी घेतलं नाही. डावा हात वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला. कोपराचा वरचा थर निघून गेला होता आणि खाली आप्पांचा कॅनव्हास दिसत होता, ओबडधोबड टाक्यांसकट, जिथल्या तिथे. जॅकेटाची चेन मात्र मधूनच फाकली होती. तिनं उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पुढे केली, कोपर चिमटीत धरलं, चोळलं. आणि मग त्या सगळ्या गर्दीसमोर, हेल्मेटाच्या आतून, आभाळाकडे बघत ओरडली, "आप्पा, पास! पण चेन सेकंड शे!"