मोठ्याने सांग, नाखवा

आगवेकर सर वॉर्डात आले की पंखे बंद व्हायचे.

मे महिना असो, भर दुपार असो. सर दारात दिसले की वॉर्डबॉय बटणांकडे धावायचा. छतावरचे पंखे मंद होत होत थांबायचे आणि शेवटचं पातं थांबेपर्यंत सर उंबऱ्यातच उभे राहायचे. मग रस्त्याकडच्या खिडक्या लागायच्या. पेशंट पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घेत पडायचे, आम्ही विद्यार्थी कोटाच्या आत भिजून चिंब. एखादा नवा पेशंट कुरकुरायचा, "डॉक्टरसाहेब, जीव जातो हो उकाड्याने." सर त्याच्या खाटेच्या कडेला टेकायचे आणि स्टेथास्कोप कानाला लावता लावता म्हणायचे, "थोडं सोस बाबा. तुझं हृदय काही भाषण करत नाही, कुजबुजतं. ते ऐकायला नको का?"

ते स्वतःही जवळजवळ कुजबुजतच बोलायचे. त्यांचं एकही वाक्य निसटू नये म्हणून आम्ही माना पुढे काढून उभे राहायचो. मेडिसीनचे प्राध्यापक म्हणून त्यांचा दबदबा मोठा होता. छाती ऐकावी ती त्यांनीच, असं मुंबईतले इतर डॉक्टरही म्हणायचे. मात्र प्राध्यापकांच्या चहाला ते जात नसत, कुणाच्या लग्नाला जात नसत. कधीकाळी गाण्याच्या बैठकांना रात्र रात्र बसणारा हा माणूस आताशा तिकडेही फिरकत नसे. कुणी विचारलंच तर सांगायचे, "आता पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही." लोक त्यांना शिष्ट म्हणायचे. लग्न केलेलं नव्हतं. वॉर्डामागच्या खोलीत एकटे डबा खायचे.

मी मोरा बंदराजवळच्या कोळीवाड्यातला. बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आई पाटी घेऊन मासळी विकणारी. पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आमच्या वाड्यातून मेडिकल कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथे कसं उभं राहायचं, कसं बोलायचं, हे विचारायला घरात कुणी नव्हतं. होडीवरून होडीवर बोलायचं तर वाऱ्याला पुरून उरणारा आवाज लागतो. आमच्याकडे पाळण्यातलं मूलही तोच आवाज घेऊन येतं. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात एका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि अख्खा हॉल हसला. कामत नावाचा एक मुलगा होता, डॉक्टरांच्या घरातला, देखणा आणि हुशार. तो मागच्या बाकावरून म्हणाला, "नाखवा, बंदर लागलं का रे?"

त्यानंतर मी हळू बोलायला शिकलो. इतकं हळू, की पुढे पुढे बोलणंच सुटलं. होस्टेलवर रविवारी सगळे सिनेमाला जायचे. कुणी मला बोलावत नसे आणि मीही विचारत नसे. संध्याकाळी खोलीत बसून मी पुस्तक मोठ्याने वाचायचो, केवळ कुणाचातरी आवाज कानावर पडावा म्हणून.

तिसऱ्या वर्षी आगवेकर सरांच्या वॉर्डात माझी पहिली पाळी आली. पेशंटची हकिगत सांगायची होती. मी शिकलेल्या शहरी आवाजात सुरुवात केली.

"काय?" सर म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"काय?" ते आणखी जवळ आले. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "अरे, पेशंटची हकिगत सांगतोस की त्याची निंदा करतोस? एवढं लपवायचं काय आहे त्यात?"

मुलं हसली. मला काय झालं कोण जाणे, संताप आला म्हणा किंवा रडू, पण मी बापाच्या आवाजात ओरडलो, "सर, पेशंटला पंधरा दिवसांपासून ताप आहे!" पलीकडच्या खाटेवरचा झोपलेला म्हातारा दचकून उठून बसला. आता सर मला वॉर्डाबाहेर काढणार, या खात्रीने मी खाली पाहिलं.

"हं," सर म्हणाले. मी वर पाहिलं तर ते चक्क हसत होते. "असं मोठ्याने सांग, नाखवा. सगळं सांग."

त्या दिवसापासून प्रत्येक फेरीत हकिगत सांगायची ती मी. त्यांनी छाती ऐकली की त्यांच्यानंतर स्टेथास्कोप माझ्याच हातात. मुलं चिडली. "लाडका" म्हणायला लागली. मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या एवढ्या मोठ्या शहरात कुणालातरी माझा आवाज हवा होता. डबा उघडला की सर मला खोलीत बोलवायचे आणि अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवायचे. त्यांचं एक वाक्य मी तिथे इतक्यांदा ऐकलं की मला पाठच झालं: "जे ऐकू आलं ते सांगायचं. जे ऐकू यायला हवं होतं ते नव्हे. आणि माझ्या तोंडाकडे बघून तर मुळीच नाही."

माझ्या आईला या सरांना बघायचं होतं. "पोरगा घरी येतंय तं निस्ता आगवेकर आगवेकर करतंय. हाय तरी कोन तो?" मी भीत भीत सरांना विचारलं आणि ते एका रविवारी खरोखरच भाऊच्या धक्क्यावर येऊन उभे राहिले, हातात छत्री घेऊन.

लाँच सुटली. इंजिनाची धडधड, पाण्याचा आवाज आणि त्यावर चढलेला माणसांचा कल्ला. कॉलेजात महिनोन्महिने कुणाशी दोन वाक्यं न बोलणारे सर मासळी विकून परतणाऱ्या एका कोळणीशी गप्पा मारायला लागले.

"काय काय विकलं आज?"

"सगला इकला, सायेब. आता निस्ता माजा डोका उरलाय. घेता का?"

"नको बाई. बोलतं डोकं फार महाग पडतं."

ती पदर तोंडाला लावून हसली, आजूबाजूच्या सगळ्या हसल्या आणि सरही. मी बघतच राहिलो. त्या गोंगाटात त्यांना एकदाही "काय?" म्हणावं लागलं नव्हतं.

घरीही तसंच. आई चुलीपुढून बोलत होती, बाप दारातून, शेजारीण कुडापलीकडून, आणि सर सगळ्यांना उत्तरं देत होते. आईने त्यांच्या पानात कालवणातला दुसरा तुकडा वाढला आणि म्हणाली, "रागावू नका डाक्तर, पन तुमी लय हलू बोलता. अशान तुमचा कोन ऐकतंय?"

"परीक्षा माझ्या हातात आहे वहिनी, म्हणून ऐकतात."

"मंग आमच्या पोऱ्याला पास करा, तो लय मोठ्यान बोलतंय!"

सर पोटभर जेवले, पोटभर हसले. परतीची लाँच सुटली. बंदर मागे पडल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. ते काय म्हणतात ते कळायला मला कान त्यांच्या तोंडापाशी न्यावा लागला.

"नाखवा, मला ऐकू कमी येतं. माझ्या आईला असंच झालं होतं. वाढत जातं ते."

आज मला ठाऊक आहे की अशा बहिरेपणात गोंगाटात उलट बरं ऐकू येतं, कारण गोंगाटात माणसं आपोआप आवाज चढवतात. आणि असा माणूस स्वतः मात्र हळूच बोलतो. तेव्हा मला एवढंच कळलं की पंखे का बंद होत होते, आणि गाणं का पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. आणि मी लाडका का होतो, तेही. ते कळल्यावर थोडं दुखलं, खोटं कशाला सांगू.

"आणखी कुणाला माहीत आहे, सर?"

"तुला. आत्ता."

"आणि छाती? छातीतलं ऐकू येतं?"

"अजून येतं. शांतता असली की येतं." मग ते माझ्याकडे वळले. "ज्या दिवशी तुला ऐकू आलं आणि मला नाही, त्या दिवशी सांगायचं. तिथल्या तिथे, पेशंटसमोर. मला बाजूला घेऊन नाही. बाजूला घेतलंस तर मी काहीतरी सबब सांगेन, माणूस आहे मी. कबूल?"

मी मान हलवली.

"मोठ्याने सांग."

"कबूल, सर!" मी ओरडलो. लाँचवरची माणसं वळून बघायला लागली.

पुढे प्रत्येक फेरीला मला त्याच दिवसाची धास्ती असायची. सरांनी छाती ऐकून निदान सांगितलं, की मी घाईघाईने स्टेथास्कोप लावायचो आणि तेच ऐकू आलं की सुटल्यासारखं व्हायचं. तो दिवस आलाच तर सर वॉर्डात राहणार नाहीत, हे मला कळत होतं. आणि सर गेले की त्या शहरात माझं कुणीच उरणार नव्हतं.

तो दिवस आला पावसाळा संपता संपता. एक तरुण मुलगी होती, लग्न ठरलेली. जिना चढताना धाप लागते म्हणून आई तिला घेऊन आली होती. पंखे थांबले. सरांनी खूप वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हृदय ठीक आहे. रक्त कमी दिसतंय. लोहाच्या गोळ्या सुरू करा." आणि सवयीने स्टेथास्कोप माझ्याकडे दिला.

मी तो हृदयाच्या टोकाशी ठेवला. ठोक्यांच्या मधल्या जागेत, अगदी खालच्या पट्टीत, एक घरघर होती. रात्री किनाऱ्यावर बसलं असता दूरवरून लाँच येत असावी तशी. मी जागा बदलली, परत आलो. घरघर होतीच. झडप आखडली होती मुलीची. तिला गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं तर पहिल्या बाळंतपणातच ती दगावली असती.

सर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना तेव्हाच कळलं असावं.

"काय ऐकू आलं?"

सगळे थांबले होते. मुलीची आई हात जोडून उभी होती.

"सर, घरघर आहे. टोकापाशी!"

कामतने माझा कोट मागून ओढला. "डाव्या कुशीवर हो, बाळ," सर मुलीला म्हणाले आणि पुन्हा ऐकायला लागले. डोळे मिटलेले. कितीतरी वेळ. मग त्यांनी स्टेथास्कोप काढला आणि तिथे नुसता तळहात ठेवला, आपण तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो तसा.

"आहे," ते म्हणाले. "हाताला लागतेय. नाखवा बरोबर आहे." मुलीच्या आईला त्यांनी सगळं समजावून सांगितलं, लग्न थोडं थांबवा म्हणाले, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना त्याच दिवशी निरोप पाठवला. मग स्टेथास्कोपची घडी घालून खिशात ठेवली आणि वॉर्डबॉयला म्हणाले, "पंखे लाव."

तो महिना संपायच्या आत त्यांनी नोकरी सोडली. कारण कुणाला सांगितलं नाही. कॉलेजात मात्र कारण सगळ्यांना ठाऊक होतं: नाखव्याने सरांना चारचौघांत खाली पाहायला लावलं. कामत मला तोंडावर म्हणाला, "ज्याने तुला बोलायला शिकवलं, त्याच्यावरच ओरडलास?" सरांचं बहिरेपण ही माझी गोष्ट नव्हती, ती मी कशी सांगणार? मेसमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसेनासं झालं. शेवटचं वर्ष मी तसंच काढलं.

रविवार तेवढा माझा होता. गिरगावातल्या चाळीत सरांची खोली होती, तिथे मी जायचो. त्यांनी कानातलं यंत्र आणलं होतं, पण त्याच्या खिशात बाळगायच्या डबीला वैतागून ते टेबलावर ठेवून द्यायचे. "यात सगळ्यांचा आवाज पत्र्याचा येतो. तुझा नुसता कानाने येतो, तो पुरे." परीक्षेचा अभ्यास मी तिथेच मोठ्याने वाचून करायचो आणि ते चुका काढायचे. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा खाली येऊन म्हणाल्या, "अहो, मला टायफॉइड पाठ झाला. आता जरा न्यूमोनिया घ्या!" मी पास झालो तेव्हा पेढे सर्वांत आधी काकूंना दिले, हक्काने मागून घेतले त्यांनी.

पुढे मला उरणच्या बाजूला सरकारी दवाखाना मिळाला. कामाच्या रगाड्यात भेटी लांबल्या. महिन्याने, मग दोन-तीन महिन्यांनी. शेवटचा गेलो तो थंडीत. बाकी सगळे सरांशी पाटीवर लिहून बोलत. पाटी-पेन्सिल टेबलावरच असे. मला तिची गरज कधी पडली नव्हती. मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला लागलो, की करावे गावाची एक बाई दवाखान्यात आली होती, चार महिन्यांची गरोदर, आणि तिच्या छातीत मला तीच घरघर ऐकू आली, तीच, सर, आणि वेळेवर मुंबईला पाठवली म्हणून आई न् मूल दोघंही सुखरूप आहेत. हे सांगायला मी मुद्दाम रजा काढून आलो होतो. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला.

सर माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते माझ्या बोलण्यातल्या भलत्याच जागी येत होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घशाच्या शिरा ताणून, मोरा बंदरावरून समोरच्या होडीला हाक घालावी तसं.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"किती हळू बोलायला लागलास रे," ते कौतुकाने म्हणाले. "बरं केलंस. डॉक्टरने असंच बोलावं. आता शोभतोस."

दारात कुणीतरी आल्याची चाहूल लागली म्हणून मी वळून पाहिलं. काकू धावत खाली आल्या होत्या, एवढं कोण ओरडतंय म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि पुन्हा जिना चढून गेल्या.

पाटी माझ्या हाताशी होती. मी ती घेतली नाही.

"हो सर," मी म्हणालो. तेवढं मात्र खरंच हळू म्हणालो.